नऊ व्होल्टची बॅटरी

गोव्यात चोडण बेटावर आमच्या एका मित्राच्या घरी मागच्या पडवीत छोटासा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात, पाऊस आला की पत्र्यावरचा आवाज माइकमध्ये येतो, पण भाडं परवडतं. आमच्या बँडचं मराठी रॉक गाणं तिथे एका दिवसात रेकॉर्ड करायचं ठरलं होतं.

मी बेस गिटार वाजवतो. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मी बेस लाइन, म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारी खालच्या सुरांची ओळ, बसवत होतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, चारच: ई मायनर, सी, जी, डी. शेकडो गाण्यांत असतात त्याच. म्हटलं, कॉर्ड साध्या आहेत तर करामत आपण करू. मूळ सुरावरून पाचव्यावर, तिथून ऑक्टेव्हवर, मध्ये क्रोमॅटिक पायऱ्या, शेवटी एक स्लाइड. बोटं खूश, मी खूश. झोप अनावर झाली तशी गिटार स्टँडवर ठेवली आणि आडवा झालो. केबल जॅकमध्ये तशीच.

सकाळी दुसऱ्याच टेकला गायक थांबला. ‘अरे, मी गातोय तेव्हा तूही गातोयस. एकानं गप्प बसायला हवं.’ ड्रमरचं दुखणं वेगळं. त्याची किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, एकावर आणि दोनच्या पुढच्या अर्ध्या मात्रेवर पडत होती. माझे सूर तिच्या आगेमागे सगळीकडे होते, फक्त तिच्यावर नव्हते. ‘पात्रांव, तू वाजवतोस कोणाबरोबर?’ असं त्यानं विचारलं, तेही हसत. हसून विचारलेलं जास्त लागतं.

चौथ्या टेकला बेस फाटक्या स्पीकरसारखा खरखरायला लागला. माझी गिटार ॲक्टिव्ह आहे, म्हणजे पोटात प्रीअँप, आवाज वाढवणारं छोटं सर्किट, आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. केबल लावून ठेवली की वाजवा न वाजवा, बॅटरी उतरत राहते. हे मी दुसऱ्यांना दहा वेळा सांगितलंय. जवळच्या दुकानात पेन्सिल सेल होते, चौकोनी बॅटरी नव्हती. स्कूटर काढून पलीकडे रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो.

त्या फेरीत हातात बेस नव्हता, हेच बरं झालं. हातात असता तर बोटं परत सवयीच्या घरांवर गेली असती. इंजिनाची घरघर एकाच सुरात चालली होती आणि तिच्यावर मी गाण्याची चाल गुणगुणत होतो. तो सूर नेमका आमचा जी होता असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही नव्हतं. सुचलं ते एवढंच, की खालचा सूर हलत नाही आणि तरी चाल पुढे जाते. घरी आजोबांच्या भजनात तंबोरा लागायचा, तरी हे कधी बेसला लावून बघितलं नव्हतं.

बोटांवर मोजलं. ई मायनरमध्ये ई, जी, बी. सीमध्ये सी, ई, जी. जीमध्ये जी आहेच. तीन कॉर्डना एकच सूर चालतो! फक्त डीमध्ये जी नाही, पण एफ शार्प आहे, अगदी शेजारचं घर. रायबंदरला मी बॅटऱ्या दोन घेतल्या.

परत आल्यावर कडव्याला जाड तारेवरचा तिसऱ्या पडद्याचा जी धरला. फक्त किकबरोबर. स्नेअर, म्हणजे काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम, पडला की तळव्यानं तार बंद. सूर कुठे सुरू करायचा याचा मी वर्षानुवर्षं विचार केलाय, तो कुठे तोडायचा याचा त्या दुपारी पहिल्यांदा केला. डी आला की एक पडदा खाली, एफ शार्प.

गिटारवाल्यानं लगेच हात वर केला. ‘डीवर डी वाजव ना. चुकतोयस.’ तो पॉवर कॉर्ड वाजवतो, म्हणजे मूळ सूर आणि पाचवा. तिसरा नसतोच, त्यामुळे कॉर्ड मेजर की मायनर हे त्याच्या गिटारवरून कळतच नाही. आता ते माझ्याकडून कळत होतं. ई मायनरखाली माझा जी म्हणजे मायनरचा तिसरा सूर, डीखाली एफ शार्प म्हणजे मेजरचा. सीखाली जरा पोकळ वाटायचं, जमिनीला पाय न टेकल्यासारखं. ते मी तसंच ठेवलं. ध्रुवपदाला मात्र सरळ मूळ सूर: मोकळ्या तारेचा ई, मग सी, जी, डी. सगळं कडवं लोंबकळत ठेवल्यामुळे तो ई असा काही आदळला, की गायक पुढची ओळच विसरला. सॉरी म्हणाला आणि ‘परत, परत’ करत हेडफोन घट्ट धरून उभा राहिला.

गिटारवाल्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

संध्याकाळी परतीच्या फेरीत त्यानं कच्चं मिक्स फोनवर लावलं. तो जी ४९ हर्ट्झचा. फोनचा एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरत नाही, त्यात इंजिन सुरू. ‘बघ,’ तो म्हणाला, ‘ह्यात बेसच नाही.’

मी काही बोललो नाही. बॅगेवरून हात फिरवून केबल वेगळी गुंडाळलेली आहे ना, एवढं पाहिलं.