नोटिफाय कधी, इन्फॉर्म कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे: ‘इन्फॉर्म’ आणि ‘नोटिफाय’ या दोन्हींचा अर्थ कळवणं असेल, तर पत्रात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये नेमकं कोणतं क्रियापद घालायचं? आणि नोटिफाय घातलं तर पुढे ‘टू’ येतो की ‘ऑफ’?

इन्फॉर्म म्हणजे माहिती देणं. ती तोंडी दिली काय, सहज जाता जाता दिली काय, इन्फॉर्म चालतं. नोटिफाय म्हणजे रीतसर कळवणं. इथे सहसा कळवणाऱ्यावर ती जबाबदारी असते, कुणाला कळवायचं हे ठरलेलं असतं आणि बरेचदा मुदतही असते. म्हणून हा शब्द विम्याच्या पॉलिसीत, भाडेकरारात, बँकेच्या अटींमध्ये सतत भेटतो. शंका आली तर एक कसोटी लावा: ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं उद्या समोरचा म्हणाला, तर पुरावा दाखवावा लागेल का? लागणार असेल तर नोटिफाय लिहा. घरी उशीर होणार असल्याचं आईला सांगितलं, तर ‘आय नोटिफाइड माय मदर’ हे व्याकरणात बसतं, पण आईला नोटीस बजावल्यासारखं वाटतं. तिथे साधं ‘टोल्ड’ हवं.

शब्दाचं मूळ लॅटिन आहे. ‘नोटुस’ म्हणजे ज्ञात, ‘फाकेरे’ म्हणजे करणं. फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, ‘नो’वर येतो. भूतकाळात शेवटचा वाय जाऊन आय-ई-डी लागतं.

खरी अडचण रचनेची आहे. नोटिफायच्या लगेच पुढे, मध्ये काहीही न येता, ज्याला कळवायचं ती व्यक्ती किंवा संस्था येते. त्यानंतर ‘ऑफ’ आणि विषय: ‘प्लीज नोटिफाय द बँक ऑफ एनी चेंज ऑफ अ‍ॅड्रेस.’ किंवा ‘दॅट’ आणि पूर्ण वाक्य: ‘वी नोटिफाइड द टेनंट दॅट द लीज वुड एंड इन मार्च.’ ‘ऑफ’च्या जागी ‘अबाउट’ही बरोबर आहे. फक्त करारात आणि औपचारिक पत्रात ‘ऑफ’ जास्त रुळलेलं आहे.

चुका होतात त्या बहुधा मराठीच्या सवयीमुळे. आपण ‘बँकेला कळवा’ म्हणतो. त्यातला ‘ला’ मनात असतो, म्हणून ‘नोटिफाय टू द बँक’ असं लिहिलं जातं. हा ‘टू’ काढून टाका. ‘मला तारीख कळवा’ या वाक्यात मराठी दोन कर्मं शेजारी सहज ठेवते, त्यावरून ‘नोटिफाय मी द डेट’ तयार होतं. इंग्रजीत ‘नोटिफाय मी ऑफ द डेट’ असं म्हणावं लागतं. तिसरी चूक ‘द कमिटी नोटिफाइड दॅट द एक्झाम इज पोस्टपोन्ड’ ही. समितीने कळवलं, पण कुणाला? विद्यार्थ्यांना कळवलं असेल तर ‘नोटिफाइड द स्टुडंट्स दॅट’ लिहा. सगळ्यांसाठीच जाहीर केलं असेल तर ‘अनाउन्स्ड’ लिहा, कारण अनाउन्सला व्यक्तीची गरज नसते. ‘नोटिफाइड हिम टू सबमिट द फॉर्म’ अशी रचना जुन्या कायदेशीर लिखाणात सापडते. आज काही करायला सांगायचं असेल तर ‘आस्क्ड’ किंवा ‘इन्स्ट्रक्टेड’ वापरणं चांगलं.

आता गोंधळ वाढवणारी गोष्ट. ‘टू’ चालतो अशी एक रचना खरोखरच आहे, पण त्यात क्रियापदाच्या पुढे व्यक्ती नसते, विषय असतो. ‘नोटिफाय द केस टू द हेल्थ ऑथॉरिटी.’ ब्रिटिश इंग्रजीत आणि युरोपातल्या कायद्यांत ही सर्रास दिसते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याचं कलम ३३ असंच लिहिलेलं आहे: व्यक्तिगत माहितीची सुरक्षा भंगली, तर ते लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत ‘नोटिफाय द पर्सनल डेटा ब्रीच टू’ आणि त्यापुढे देखरेख करणारी यंत्रणा. ‘नोटिफायेबल डिसीज’मध्येही हाच अर्थ आहे. रुग्ण आढळला की आरोग्य यंत्रणेला कळवणं बंधनकारक असलेला तो आजार. भारतात क्षयरोग २०१२ साली या यादीत आला. तेव्हापासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद कळवावी लागते.

भारतीय इंग्रजीत या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो फार वजनदार आहे. ‘द गव्हर्नमेंट नोटिफाइड द रूल्स’ म्हणजे सरकारने नियमांना काही कळवलं असं नव्हे. नियम राजपत्रात छापून अधिसूचित केले, असा त्याचा अर्थ. संसदेने कायदा संमत केला, राष्ट्रपतींची सही झाली, तरी अनेक कायद्यांत ‘सरकार अधिसूचनेद्वारे नेमेल त्या तारखेपासून’ अंमल असं लिहिलेलं असतं. ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच राहतो. म्हणून बातमीत ‘पास्ड’ आणि ‘नोटिफाइड’ हे दोन शब्द वेगळे वाचायला हवेत. याचं उलट क्रियापद ‘डीनोटिफाय’. १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टखाली इंग्रज सरकार एखादी जमात राजपत्रात अधिसूचित करून गुन्हेगार ठरवत असे. जन्माला येणारं मूलही त्या शिक्क्यासह येई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती ‘डीनोटिफाइड’ ठरल्या. आपण त्यांना विमुक्त म्हणतो. या क्रियापदात शासनाची केवढी ताकद भरलेली असू शकते, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

शेजारच्या शब्दांपैकी ‘इंटिमेट’बद्दल सावध करायला हवं. आपल्या कार्यालयांत ‘काइंडली इंटिमेट अस’ रोज लिहिलं जातं आणि ते सगळ्यांना कळतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला मात्र इंटिमेट या क्रियापदाचा पहिला अर्थ आडून सुचवणं, आडवळणाने सांगणं असा लागतो. ‘ही इंटिमेटेड दॅट ही माइट रिझाइन’ म्हणजे त्याने राजीनाम्याचं आडून सुचवलं, राजीनामा कळवला नाही. परदेशी पत्रव्यवहारात तिथे नोटिफाय किंवा इन्फॉर्मच घाला. ‘अप्राइज’ म्हणजे अवगत ठेवणं. ते ‘अप्रेझ’शी गल्लत करून लिहिलं जातं. अप्रेझ म्हणजे मूल्यमापन करणं.

एक फरक व्याकरणाचा नाही, तरी त्यामुळे माणसं अडचणीत येतात. नोटिफाय करण्यात परवानगी मागणं येत नाही. ‘दिस इज टू नोटिफाय यू दॅट आय विल बी ऑन लीव्ह’ हा रजेचा अर्ज नाही, रजेवर जात असल्याची सूचना आहे. मंजुरी हवी असेल तर ‘रिक्वेस्ट’ लिहा. उलट, करारात ‘टेनंट शॅल नोटिफाय द ओनर’ असं असेल तर मालकाच्या होकाराची वाट पाहायची नसते, कळवलं की अट पुरी होते. ‘शॅल ऑब्टेन द कन्सेंट’ असेल तर होकार लागतोच.

कराराचं कलम लिहिताना ‘यू विल बी नोटिफाइड’ एवढ्यावर थांबू नका. या वाक्यात कोण कळवणार, कसं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही गायब आहे. ‘द ओनर शॅल नोटिफाय द टेनंट इन रायटिंग अ‍ॅट लीस्ट ३० डेज बिफोर एनी इन्क्रीज इन रेंट’ यात सगळं आहे. ‘इन रायटिंग’मध्ये ईमेल धरायचा की नाही, आणि मुदत पत्र पाठवल्याच्या दिवसापासून मोजायची की मिळाल्याच्या, हेही त्याच कलमात लिहा. भांडणं बहुधा याच दोन जागी होतात.

नाम वापरायचं तर ‘नोटिफिकेशन’चं अनेकवचन होतं, ‘थ्री नोटिफिकेशन्स’ चालतं. ‘इन्फर्मेशन’चं होत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन्स’ लिहू नका. आणि नोकरी सोडताना जी आगाऊ सूचना देतात ती ‘नोटीस’. तिचं क्रियापद ‘गिव्ह’ आहे: ‘शी गेव्ह वन मंथ्स नोटीस.’