दिवे लावले की काटा चढायचा

ताईंनी गाडीच्या किल्लीबरोबर एक घडी घातलेला कागदही हातात दिला. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, बॅटरी, अल्टरनेटर, असं दुसऱ्या एका गॅरेजनं बदललेलं सगळं त्यावर लिहिलं होतं. शेवटची ओळ व्हायच्या कामाची होती: हेड उघडणे. म्हणजे इंजिन खोलायचं आणि गाडी निदान आठवडाभर उभी ठेवायची. ताईंना तेच परवडणारं नव्हतं. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं आणि त्यांची व्हीलचेअर या मिनीव्हॅनच्या विजेवर सरकणाऱ्या दारातूनच आत जायची. ते दारही अलीकडे अर्ध्यावर थांबायला लागलं होतं.

"दादा, रात्री जास्त तापते हो," त्या म्हणाल्या.

"आणि भर दुपारी?"

"दुपारी तापमानाचा काटा मध्येच असतो."

उन्हात न तापणारी गाडी रात्री तापते, हे ऐकूनच माझं हेडवरचं लक्ष उडालं. इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ दिलं. काटा बरोबर मध्यावर होता. हेडलाइट लावले, तसा काटा बोटभर वर उडाला. बंद केले, तर पुन्हा मध्यावर. ब्लोअर लावला की थोडा वर, बंद केला की खाली. इंजिनमधलं काही लिटर पाणी एका सेकंदात तापतही नाही आणि निवतही नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या आवरणावर धरला. दिवे बंद असताना ८९ अंश, लावल्यावरही ८९. ताईंना बोलावून दोन्ही आकडे दाखवले. इंजिन तापत नव्हतं, काटा चुकीचं सांगत होता.

डॅशबोर्डवरच्या या जुन्या तापमानाच्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात आणि त्यांच्या ओढाताणीत काटा ठरतो. एका कॉइलचा अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, गाडीच्या बॉडीला असतो, दुसरीचा सेन्सरमधून इंजिनला. इंजिन आणि बॉडी विजेच्या दृष्टीनं एकच असतील तोवर काटा खरं सांगतो. त्यांच्यात व्होल्टचा फरक पडला, की तो खोट्या उष्णतेकडे झुकतो. म्हणजे गोष्ट अर्थची होती.

पण इथे मी स्वतः दोन तास घालवले. बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड केबल थेट इंजिनला जात होती आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी होती, वरून काळं रबरी आवरण असलेली. मी मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला लावून तिची दोन टोकं तपासली. ०.२ ओहम. मल्टीमीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तेवढेच येतात, म्हणून मी पट्टी पास केली आणि डॅशबोर्ड खोलून तापमानाच्या मीटरचा मागचा कनेक्टर, फ्यूजबॉक्स, स्विच हे सगळं पालथं घातलं. सेल्फही झोकात लागत होता, त्यामुळे अर्थवरचा संशय आणखी मागे पडला. खरं तर सेल्फचा करंट इंजिनमधूनच सरळ बॅटरीला परततो. त्याला त्या पट्टीची गरजच नसते. हे मला ठाऊक होतं, तरी त्या घाईत सुचलं नाही.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. मल्टीमीटर व्होल्टवर घेतला. बॅटरीवर १४.२, म्हणजे चार्जिंग उत्तम. एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टवर टेकवलं, आणि आकडा आला पावणेदोन व्होल्ट. तिथे ०.२ व्होल्टच्या आतच असायला हवं. पट्टीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ३५ अँपिअर वाहत होते. हिशेब केला तर अडथळा अवघा ०.०५ ओहम! एवढासा अडथळा साध्या मल्टीमीटरला ओहमवर दिसणंच शक्य नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. पण ३५ अँपिअर वाहताना तोच साठेक वॅट जाळतो. हेडलाइट मंद पेटत होते, ते का, तेही कळलं. हॅलोजनचे व्होल्ट आठव्या हिश्शानं घटले, की उजेड तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतो.

जंपर केबलचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं बॉडीला लावलं. काटा धपकन मध्यावर आला, दिवे लख्ख झाले, ब्लोअरचा आवाज चढला. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या क्षणी अंगावर काटा येतो.

पट्टी काढून आवरण चिरलं. आत हिरवी भुकटी. बहुतेक तारा लगच्या, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या, तोंडाशीच खाऊन गेल्या होत्या. नवी जाड पट्टी घातली, दोन्ही जागांचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा सगळं चालू करून मोजलं: ०.०४ व्होल्ट.

दार मात्र अजून हट्टाला पेटलं होतं. चारदा बंद केलं की एकदा अडायचं. अर्थ सुधारल्यावर तेही सुधारेल, हा माझा अंदाज चुकला. सरकत्या दाराची वायरिंग प्रत्येक उघडझापीला वाकते, त्यामुळे रबरी नळीतल्या वायरींवर आधी हात ठेवला. एकेक वायर हलकेच ओढून पाहिली. धडधाकट वायर ताणत नाही. आतलं तांबं तुटलेली असेल तर नुसतं प्लास्टिक रबरासारखं लांबतं. तपकिरी वायर लांबली. वाकणाऱ्या भागात सोल्डर केलं तर तिथली वायर ताठर होते आणि लवकरच पुन्हा तुटते, म्हणून बारीक तारांची मऊ वायर लांब घेतली आणि जोड दोन्हीकडे नळीच्या बाहेर, न हलणाऱ्या जागी दिले. ताईंनी दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं. मग थोडा वेळ त्याच्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

त्यांना मी थांबवलं ते ॲक्सिलरेटरसाठी. तो जड लागत होता. बॉडीतला करंट पट्टीतून जाईना, तेव्हा त्यानं ॲक्सिलरेटरच्या केबलचं लोखंडी आवरण धरलं असणार, अशी मला शंका होती. नवी केबल जवळ नव्हती. जुनी तूर्तास मोकळेपणानं मागे येत होती, पायाखाली धरून दहा-बारा वेळा खात्री केली, तेव्हाच गाडी सोडली. चार दिवसांनी त्या आल्या. जुनी केबल काढली, तर मधल्या वितभर भागात आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं.