बाबांची वेलांटी आणि माझ्या तीन संध्याकाळी

आधी राग काढून घेते. बाबांच्या संगणकावर मराठी टायपिंगसाठी नवं कीबोर्ड पॅकेज टाकल्यावर एकदा लॉग आउट करून परत आत यायचं, एवढी एक ओळ त्या सेटिंगच्या खिडकीत असती, तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बाबांचा डेस्कटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप यात नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. मी विंडोज काढून लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. लिनक्सचा कुठला प्रकार ते सांगत नाही, त्यावरून लोक भांडतात. इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं. जुन्या मशीनवर स्क्रीनची मांडणी हलकी हवी म्हणून एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप घेतला. बाबांना टास्कबार डाव्या हाताला हवा होता, कारण अर्जाचं पान उभं आणि स्क्रीन आडवा, त्यात खालची पट्टी जागा खाते. पॅनेलवर राइट क्लिक, मोड व्हर्टिकल, लॉक काढून ओढून नेलं. दोन मिनिटं.

मग बाबा सोसायटीला पत्र लिहायला बसले.

“अगं, ही वेलांटी लोंबकळतेय बघ.”

‘विनंती’ लिहायचं होतं. स्क्रीनवर ठिपक्यांचं एक वर्तुळ, त्याला वेलांटी आणि शेजारी भलतंच अक्षर. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, बोटं मराठी टंकयंत्रावर घडलेली. तिथे कागदावर डावीकडून उजवीकडे शाई उमटते, म्हणून ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर. मी निवडलेल्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत उलटं, व्यंजन आधी. शिवाय तिथे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रचना शहाणी आहे, पण ती पंचाहत्तरीतल्या बोटांना कोण समजावणार?

म्हणजे टंकयंत्रासारखी रेमिंग्टन मांडणी हवी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शोधलं, तिथे नाही. ते ‘इनपुट मेथड’ नावाच्या दुसऱ्याच खिडकीत असतं, आणि त्याआधी आयबस या टायपिंगच्या सोयीसाठीचं, जास्तीच्या मांडण्या देणारं एम१७एन हे पॅकेज टाकावं लागतं. टाकलं. यादी उघडली, मराठीत तेच जुनं. काढलं, परत टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबा मागे खुर्चीत बसून, “राहू दे, हाताने लिहितो,” हे दर दहा मिनिटांनी. त्यांचा आवाज इतका समजूतदार होता की माझं डोकं आणखी फिरलं. तिसऱ्या संध्याकाळी वीज गेली. आली तेव्हा मशीन नव्याने सुरू झालं आणि यादीत सगळं हजर! फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन. महावितरणचे आभार.

हो, आणि भाषा बदलायचा शॉर्टकट विंडोजची कळ अधिक स्पेस असा येतो. आमच्याकडे ती कळ दाबली की मेन्यूच उघडायचा. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंट्रोल-स्पेस करून टाका. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. त्याच्याही आधी हे, की लिनक्स टाकण्यापूर्वी फोटोंबरोबर हिशेबाच्या फाइलीही बाहेर काढून ठेवा. मी विसरले होते, नशिबाने त्या मेलमध्ये सापडल्या.

रेमिंग्टन लावलं तरी बाबांच्या टंकयंत्रावरची काही चिन्हं इथे वेगळ्या कळांवर आहेत. त्यांनी जुन्या डायरीचं पान फाडून चिन्ह आणि कळ असा तक्ता केला आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवला. पत्र गेलं, वेलांट्या जागेवर होत्या. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’पुढची जागा तक्त्यात अजून कोरी आहे. तोवर बाबा ‘दुसरा मजला’ असं वाक्य फिरवून लिहितात.