आमची वाटचाल: एक भाग मेण, एक भाग बटर, एक भाग तेल

आमच्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर एकच ओळ आहे: मेण, बटर (खायचं लोणी नव्हे, कोको किंवा शियाच्या बियांची घट्ट चरबी) आणि तेल, तिन्ही सारख्या मापाने. घन लोशन, म्हणजे अंगावर फिरवायची लोशनची वडी, घरी करून बघणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, आणि या ओळीने वडी होतेही. घट्ट बसते, साच्यातून सुटते, दिसायला छान दिसते. अंगावर फिरवली की मात्र अडखळते आणि मागे मेणाचा चिकट थर सोडते. पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंतची आमची वाटचाल म्हणजे या तीन आकड्यांची ओढाताण आहे. कोणता आकडा कशासाठी हलला, ते इथे सांगतो.

आधी एक खुलासा. बाटलीतलं लोशन म्हणजे पाणी आणि तेलाचं एकजीव मिश्रण. वडीत पाण्याचा थेंब नसतो. त्यामुळे ती त्वचेला ओलावा देत नाही, आहे तो धरून ठेवते. अंघोळीनंतर अंग नुसतं टिपून, कातडी जरा दमट असतानाच फिरवली तर तिचा खरा उपयोग होतो. कोरड्या ठणठणीत टाचेवर घासली तर ‘तेलकट आहे हो’ एवढाच अभिप्राय मिळतो.

पहिला बदल आकड्यांचा नव्हता, मापाचा होता. वाटीने मोजणं बंद झालं. मेणाचे दाणे वाटीत भरले की मधे हवा राहते, किसलेलं मेण आणखी फुगतं, तेल मात्र वाटी गच्च भरतं. मग ‘एक वाटी, एक वाटी, एक वाटी’ या हिशेबात मेण दर वेळी वेगळंच पडतं, आणि एक बॅच दगडासारखी तर दुसरी लोण्यासारखी होते. मेण, बटर, तेल यांना १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. व्हिटॅमिन ई आणि सुगंधी तेलांना ०.१ ग्रॅमचा हवा. थेंब मोजून सुगंध घालणं तर सोडूनच द्यावं. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा आणि प्रत्येक तेलाचा दाटपणा वेगळा.

आज आम्ही ज्या सूत्रावर थांबलो आहोत ते ३०० ग्रॅमसाठी असं आहे: मधमाशीचं मेण ८४ ग्रॅम, कोको बटर ६६, शिया बटर ४५, बदाम तेल ५४, जोजोबा तेल ३६, आरारूटचं पीठ १०.५, सुगंधी तेल ३ आणि व्हिटॅमिन ई १.५ ग्रॅम. ३० ग्रॅमच्या वड्या केल्या तर हिशेबाने दहा निघतात, हाती बहुधा नऊच लागतात. उरलेली भांड्याला आणि चमच्याला चिकटून बसते. ही तूट धरूनच बॅच आखावी.

म्हणजे मेण ३३ टक्क्यांवरून २८ वर आलं. २५ च्या खाली गेलं की वडी हाताच्या उबेने आकार सोडायला लागते, ३३ च्या वर गेलं की फिरवताना ओढते. कडक उन्हाळ्यासाठी आम्ही तेलातले १२ ग्रॅम काढून मेण ९६ करतो. वडी जरा हट्टी होते, पण डबीत वितळलेलं तळं होण्यापेक्षा ते परवडलं. मधमाशीचं मेण नको असेल तर कँडेलिला मेण (एका झुडपापासून मिळणारं) चालतं. मात्र ते जास्त कडक असतं आणि ७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून ८४ च्या जागी ४५ ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि उरलेलं वजन बटरने भरावं. वडी चकचकीत होते, चिकटपणा कमी येतो, पण पडली तर तुकडे होतात.

मेण गाळलेलं घ्यावं. कच्च्या मेणात पोळ्याचे कण आणि मधाचे अंश असतात, आणि मध तेलात मिसळत नाही. तो तळाशी बसून शेवटच्या वडीत उतरतो. भेसळीबाबत बरेच जण वितळण्याच्या तापमानावर भरवसा ठेवतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं खरं, पण काही प्रकारचं पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून केलेलं मेणही, तेवढ्यालाच वितळतं. नुसता थर्मामीटर लावून काही सिद्ध होत नाही. मेणाच्या ढेपेवर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरू नये. ती बुरशी नव्हे. मेण जुनं झालं की पृष्ठभागावर असा थर येतो आणि कोमट फडक्याने जातो.

सगळ्यात जास्त पानं भरली ती बटरांनी.

नुसतं शिया बटर घेतलं की वडी मऊ, आणि महिनाभरात रवाळ. शियामध्ये लवकर गोठणारे आणि उशिरा गोठणारे असे वेगवेगळे घटक असतात. मिश्रण हळूहळू थंड झालं तर लवकर गोठणारे आधी एकत्र येऊन दाणे बांधतात, आणि बाकीचे त्यांच्याभोवती नंतर गोठतात. ते दाणे त्वचेवर विरघळतात, अपाय काही नाही, पण वडी वाळू घातल्यासारखी लागते. उपाय असा, की शिया पूर्ण वितळलंय याची खात्री करायची, एकही पांढुरका कण भांड्यात ठेवायचा नाही, आणि साच्यात ओतल्यावर मिश्रण लवकर थंड करायचं.

कोको बटरचं याच्या उलट. ते सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतं. त्यातलं पाचवं आपल्या कामाचं: कडक, गुळगुळीत, आणि ३४ अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणजे त्वचेच्या उबेला जेमतेम नमणारं. घाईने थंड केलं की खालची, अस्थिर रूपं तयार होतात. ती पुढे आपोआप बदलत राहतात आणि वडीवर करडे-पांढरे डाग उमटतात. एका बटरला घाई हवी, दुसऱ्याला सबुरी. या दोघांना एका भांड्यात नांदवणं हेच या धंद्यातलं खरं कसब, असं आमचं मत. मेण मदतीला येतं, कारण ते आधी गोठतं आणि दोन्ही बटरांना जागेवर धरून ठेवतं. आमची तडजोड अशी: साचे १५ मिनिटं फ्रीजमध्ये, नंतर बाहेर, थंड आणि कोरड्या जागी पूर्ण २४ तास. त्याआधी वेष्टन नाही. फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. बाहेरचा थर आधी आकसतो, वडी तडकते, आणि बाहेर काढल्यावर तिच्यावर हवेतलं पाणी जमतं.

आता कृती. पातेल्यात चार बोटं पाणी मंद आचेवर, त्यात दुसरं कोरडं भांडं. मेण थेट आचेवर ठेवू नये. कधी पेट घेतलाच तर आच बंद करून वर झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही. आधी एकटं मेण वितळवावं. ८५ अंशांच्या वर गेलं की त्याचा रंग काळवंडतो. मेण पातळ झालं की कोको बटर, मग शिया, मग तेलं. थंड तेल एकदम ओतलं की मेणाच्या गुठळ्या होतात. त्या परत विरघळतात, पण तोवर भांडं उगाच तापत राहतं. तेलं आधी कोमट करून घेतली तर हा त्रास होत नाही. आरारूटमधलं थोडं पीठ कोरडं घालून बघायचा मोह होतो, पण त्याच्या गोळ्या होतात. बाजूला काढलेल्या चमचाभर तेलात ते कालवून मगच घालावं.

ओतण्याआधी एक चाचणी. थंड बशीवर अर्धा चमचा मिश्रण टाकून पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग बोटाने दाबून हातावर फिरवून बघा. मऊ वाटलं तर १०० ग्रॅमला ३ ग्रॅम मेण, अडखळलं तर तेवढंच तेल. गोठलेली वडी दुरुस्त करण्यापेक्षा हे सोपं.

मिश्रण ६० अंशांवर उतरलं की व्हिटॅमिन ई आणि सुगंध. त्याहून गरम असताना घातलं तर सुगंध हवेत जातो आणि खोलीलाच छान वास येतो. त्वचेवर राहून जाणाऱ्या वस्तूत सुगंधी तेल १ टक्क्यापुढे नेऊ नये. लवंग आणि दालचिनीसारखी तेलं त्वचेला झोंबतात, ती याहून कितीतरी कमी. साल दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून दिवसा वापरायच्या वडीत आम्ही ती घालत नाही.

साचे सिलिकॉनचे, आणि हाडासारखे कोरडे. धुतलेल्या साच्याच्या कोपऱ्यात थेंब लपतो. तो तेलात मिसळत नाही, वडीत खळगा पाडतो आणि बुरशीला घर देतो. वितळवताना भांड्यावर झाकण ठेवलं तर वाफेचं पाणीही असंच आत पडतं. फार गरम ओतलं की गोठताना मिश्रण आकसतं आणि मधोमध खड्डा पडतो. फार गार ओतलं की कडेला थर जमून रेघा उमटतात. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान बारीक धारेने ओतावं आणि साचा टेबलावर दोनदा आपटावा, म्हणजे बुडबुडे वर येतात. थोडं मिश्रण राखून ठेवलं तर पृष्ठभाग धरल्यावर खड्डा भरता येतो. जोड दिसतो, पण तो वडीच्या खालच्या बाजूला जातो.

दहा वड्यांवरून साठ वड्यांवर गेल्यावर तेच सूत्र वेगळं वागतं, याची कल्पना आधी नसते. मोठं भांडं उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे ६० अंशांवर यायला फार वेळ लागतो; तेल तेवढा जास्त वेळ तापतं. उलट ओतायला वेळ लागतो, म्हणून पहिली वडी ६० अंशांची आणि शेवटची पन्नाशीतली. आरारूट तळाशी बसत जातं आणि शेवटच्या साच्यांत जास्त पीठ जातं. फ्रीजमध्ये एकदम साठ वड्या ठेवल्या की फ्रीजच गरम होतो, आणि शिया पुन्हा रवाळ. त्यामुळे आम्ही थेट मोठ्या भांड्यातून ओतणं सोडलं. बटर-मेण एकत्र वितळवतो, पण सुगंध ६०० ग्रॅमच्या लहान जगमध्ये घालतो, तो जग संपवतो, मगच पुढचा. दर तीन-चार साच्यांनंतर ढवळणं हे कामाचाच भाग.

टिकण्याबद्दल गैरसमज फार. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं. जंतू किंवा बुरशी रोखत नाही. वडीत पाणी नाही म्हणून परिरक्षक लागत नाही, एवढंच. त्यामुळेच कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मध किंवा ताज्या पाना-फुलांनी मुरवलेलं तेल यात घालू नये. झेंडूवर्गीय कॅलेंड्युलाचं तेल करायचं असेल तर पाकळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, आणि तेल दोनदा फडक्यातून गाळलेलं. आयुष्य ठरतं ते सगळ्यात लवकर खराब होणाऱ्या तेलावरून. द्राक्षबियांचं तेल काही महिन्यांतच खवटतं. जोजोबा वर्षानुवर्षं टिकतं, कारण ते खरं तर तेल नसून द्रवरूप मेण आहे. बदाम तेल मधलं. आम्ही एक वर्षाची मुदत लिहितो. घटकातल्या कुठल्याही बाटलीची मुदत त्याआधी संपत असेल तर ती.

बिघडलेली बॅच एकदा पुन्हा वितळवता येते. सुगंध पुन्हा घालावा लागतो आणि दर तापवण्यागणिक तेलाचं आयुष्य घटतं, म्हणून दुसऱ्यांदा नाही.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, तयार केल्याची तारीख आणि बॅच क्रमांक. बदाम तेल ठळक, कारण काहींना सुक्या मेव्याची ॲलर्जी असते. मधमाशीचं मेणही काहींना सोसत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबायला आम्ही आवर्जून सांगतो. प्रत्येक बॅचमधली एक वडी आमच्याकडेच राहते. तक्रार आली की आधी ती उघडून बघायची.

डबी ॲल्युमिनियमची. पत्र्याची स्वस्त डबी ओल्या हाताने गंजते. वडीभोवती सगळीकडून २ मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि खाली मेणकागद. मिश्रण थेट डबीत ओतलं तर दिसतं सुबक, पण मेण धातूला धरतं आणि वडी बाहेर निघत नाही.

भांडी गरम असतानाच जुन्या कागदाने पुसायची, मग साबण. वितळलेलं मेण मोरीत ओतलं की ते नळीत गोठतं आणि पुढचा आठवडा प्लंबरचा.

‘गाडीत विसरलो आणि वितळली’ हा निरोप उन्हाळ्यात ठरलेला. उत्तरही ठरलेलं: डबी उघडू नका, आडवी करू नका, तशीच सपाट उचलून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. हळूहळू गोठून रवाळ झालीच असेल तर दोन तळव्यांत क्षणभर चोळून लावा, दाणे विरघळतात.