लहान अंगाची सेमी-हॉलो गिटार निवडताना

गिब्सन कंपनीने १९५८ साली आणलेल्या ईएस-३३५ या सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ, गिटारच्या पोकळ अंगात मधोमध मेपलचा ठोकळा बसवलेला असल्यामुळे, अ‍ॅम्प म्हणजे ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला तरी ती पूर्ण पोकळ गिटारसारखी चटकन शिट्टी मारू लागत नाही. मात्र तिची सुमारे १६ इंच रुंदी बसून वाजवताना काखेत अडचण करते. म्हणूनच माझा कौल २००७ मध्ये आलेल्या, जवळजवळ गिब्सनच्याच भरीव अंगाच्या लेस पॉल गिटारएवढ्या आटोपशीर ईएस-३३९ ला आहे. नेककडच्या (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपचा, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाचा, टोन उतरवला की जॅझला साजेसा गोल स्वर मिळतो आणि ब्रिजकडचा (तारा अंगावर टेकतात त्या पट्टीजवळचा) पिकअप थोड्या ओव्हरड्राइव्हसह, म्हणजे किंचित फाटलेल्या आवाजासह, ब्लूज-रॉक सहज पेलतो. मोकळा घुमारा ३३५ चाच अधिक, हे मान्य. दुकानात मात्र गिटार आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवावी आणि वरच्या फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार खरखरते का, हे नीट ऐकावे.