वाघ की वाघीण

जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीच्या साबुर्तालो भागात, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात बसून मी माझं मराठी भाषांतर इंग्रजीत उलटं सांगत होते. समोरच्या बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"थांबा. तारिएल कुणाचं चुंबन घ्यायला जातोय?"

मी वहीत पाहिलं. वहीत 'वाघाचं' असं होतं.

"म्हणजे नराचं?" बाईंनी विचारलं आणि चहाचा कप बाजूला सरकवला.

काम तसं छोटं होतं. जॉर्जियन कवी शोता रुस्तावेलीच्या 'वेफ्खिस्त्काओसानी', म्हणजे 'वेफ्खी नावाच्या हिंस्र जनावराचं कातडं पांघरलेला', या महाकाव्यातले निवडक प्रसंग मराठी किशोरांसाठी गद्यात सांगायचे होते. हाताशी मार्जोरी वॉर्ड्रॉप यांचं इंग्रजी भाषांतर होतं, त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ साली छापलेलं. शब्दकोश होता, पण मुळातला आवाज कानावर पडल्याशिवाय मजकूर छपाईला द्यायला मन धजेना. म्हणून आठवडाभर जॉर्जियात आले. या बाई शाळेत जॉर्जियन शिकवून निवृत्त झालेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'कल्बातोनो' म्हणायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच.

मी भारतातून आले म्हणताच त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे तारिएलच्या गावची!" काव्याचा नायक तारिएल हा हिंदुस्थानचा राजपुत्र. हा हिंदुस्थान नकाशावर शोधू नये. तिथं सात राज्यं आहेत, त्यातल्या सहांवर राजा पारसादानचं राज्य आणि सातवं तारिएलच्या बापाचं. माणसांची नावं आपल्या कानाला अनोळखीच. तरी आठशे वर्षांपूर्वीच्या जॉर्जियन कवीला आपला सर्वांत शूर आणि सर्वांत दुःखी माणूस हिंदुस्थानचा असावासा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडलो होतो तो प्रसंग असा. प्रिया नेस्तान-दारेजान हरवलेली, तारिएल रानात मरणाच्या दारात. तो मित्र अवथांडिलला सांगतो, एक सिंह आणि एक वेफ्खी समोर आले. आधी प्रेमिकांसारखे बागडले, मग भांडले. वेफ्खी दूर जाऊ लागली, सिंह मागे लागला. आपल्या प्रियेलाच छळतोस म्हणून तारिएलनं सिंहाला मारलं. मग तलवार फेकून वेफ्खीला हातांनी धरलं, कारण तिच्यात त्याला नेस्तान दिसत होती. तिचं चुंबन घ्यायला गेला, तिनं डरकाळी फोडून पंजे मारले, आणि त्या झटापटीत त्यानं तिलाही मारून टाकलं. नेस्तानशी झालेलं भांडण त्याला तेव्हाच आठवतं.

मी हे सगळं 'वाघ' पुल्लिंगी ठेवून लिहिलं होतं. चूक कुठून आली ते उघड होतं. जॉर्जियन भाषेत लिंगच नाही. तो, ती, ते या सगळ्यांना एकच सर्वनाम, 'इस'. इंग्रजीत जनावराला बहुधा 'इट'. मराठीत मात्र क्रियापद लिहायचं तर आधी ठरवावं लागतं. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे पुस्तकालाही लिंग असतं, ग्रंथ तो, पोथी ती. त्या क्षणभर गप्प झाल्या. "मग तुम्हाला रुस्तावेलीनं उघडी ठेवलेली प्रत्येक गोष्ट बंद करावी लागते," त्या म्हणाल्या. "निदान बरोबर बाजूनं तरी बंद करा."

मग वेफ्खी म्हणजे नेमकं कोण? आजच्या जॉर्जियनमध्ये 'वेफ्ख्वी' म्हणजे पट्टेरी वाघ. वॉर्ड्रॉपबाईंनी 'पँथर' केलं आहे, बहुतेक रशियन भाषांतरांच्या नावात वाघाचं कातडं आहे. मी दोन दिवस याच्यावरच घासत होते. बाईंना हा वाद फारसा महत्त्वाचा वाटला नाही. त्या उठल्या, आजीच्या लग्नात मिळालेली प्रत आणली. जुन्या घरांमध्ये मुलीच्या हुंड्यात हे पुस्तक देण्याची रीत होती. पुस्तक न उघडता, मांडीवर ठेवून, त्यांनी ओळ म्हटली:

'क्वे त्स्वा, वित क्ल्दिसा नाप्राल्सा वेफ्खी पिर्गामेखेबुली.'

म्हणताना बोटं टेबलावर टकटक करत होती. प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं, चार ओळींचं कडवं, चारी ओळींना एकच यमक. या छंदाला शाइरी म्हणतात. अभंग-ओवीवर वाढलेल्या माझ्या कानानं आपोआप मोजलं. सोळा.

अर्थ असा: खडकाच्या कपारीत वेफ्खी पडून असावी तशी ती पहुडली होती, चेहऱ्यावर वीज कडाडत. ही नेस्तान. तिचं लग्न ख्वारझमच्या राजपुत्राशी लावायचं ठरलं, दरबारात तारिएल गप्प राहिला, आणि तिनं त्याला बोलावून घेतलं, तेव्हाची. शेवटच्या शब्दात 'मेखी' आहे, म्हणजे कोसळणारी वीज. तारिएलच्या अंगावरचं कातडं म्हणजे त्याच्या लेखी हा संताप, हे सौंदर्य, ही बाई.

तिथं माझी दुसरी चूक लक्षात आली. मी शीर्षकासाठी 'व्याघ्रचर्मधारी' लिहून ठेवलं होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. मराठी वाचकाला त्यातून शंकर दिसतो, नाहीतर जोगी. संसार सोडलेला माणूस. तारिएलनं सगळं सोडलं ते एकाच ओढीपायी, आणि ती ओढ त्यानं अंगावर पांघरली आहे. शब्द खोडला.

दुपारी पहिल्या प्रकरणाकडे वळलो. अरबस्तानचा राजा रोस्तेवान, मुलगा नाही, एकुलती मुलगी तिनातिन. तिला गादीवर बसवावं का, असं तो विचारतो, आणि वजीर उत्तर देतात की सिंहाची पिल्लं सारखीच, मादी असो वा नर. रुस्तावेलीच्या काळी जॉर्जियाच्या गादीवर तामार होती, ११८४ ते १२१३. तिला तिथे 'मेफे' म्हणत, राजाला म्हणतात तोच शब्द. म्हणजे ही ओळ प्रत्यक्ष सिंहासनासमोर उभी राहून लिहिलेली आहे. आणि मी तिथं 'छावा' लिहिलं होतं! महाराष्ट्रात छावा म्हटलं की मुलगाच, तोही कुठला ते सांगायला नको. ओळीचा जीवच गेला असता. 'पिल्लू' नपुंसकलिंगी, घरगुती, आणि तिथं अगदी अचूक.

प्रस्तावनेत रुस्तावेली सांगतो की ही एक फारसी कथा, जॉर्जियनमध्ये भाषांतर झालेली, पोरक्या मोत्यासारखी हातोहात फिरणारी. मला सापडली, मी ती पद्यात घातली. तसं फारसी मूळ आजवर कुणाला मिळालेलं नाही. कवीच्या हातची प्रतही उरलेली नाही. १६४६ सालचं सचित्र हस्तलिखित मामुका तावाकाराश्विली नावाच्या माणसानं कैदेत असताना उतरवून काढलं, आणि १७१२ साली राजा वाख्तांग सहाव्यानं त्बिलिसीत हे काव्य पहिल्यांदा छापलं. हे सांगताना बाईंचा आवाज वर्गातला झाला होता. कैदेत बसून कुणी सोळाशेच्या आसपास कडवी नकलत असेल, तर मला एका शब्दासाठी विमानानं यावं लागलं याची तक्रार करायला तोंड नव्हतं.

संध्याकाळी मी उतारा पुन्हा लिहिला. वाघ की बिबट्या, तेही सुटलं, आणि ते आपल्याच रानानं सोडवलं. जुन्नरकडे बिबट्यालाही लोक सहज वाघच म्हणतात. पट्ट्यांचा हवा असेल तर 'ढाण्या' किंवा 'पट्टेरी' जोडतात. म्हणजे आमचा शब्दही वेफ्खीइतकाच ऐसपैस. फक्त लिंग द्यायचं राहिलं होतं.

बाईंनी ते मराठीतच वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: 'मी तलवार फेकली आणि वाघिणीला दोन्ही हातांनी धरलं.' त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ती कुठल्या शब्दात आहे?"

"वाघीण."

पुन्हा म्हणायला लावलं. मग आजीचं पुस्तक उघडून, त्या कडव्याशेजारच्या समासात, त्यांनी तो शब्द पेन्सिलीनं जॉर्जियन अक्षरांत लिहून ठेवला.