स्वारगेटपेक्षा बुटके डोंगर

दुपारी यूट्यूब चालू ठेवून कपड्यांच्या घड्या घालायच्या ही माझी सवय, पुढे काय लागणार ते त्याचं त्याने ठरवायचं. परवा त्यात एक गाणं लागलं, 'इन द डच माउंटन्स', १९८७ चं, निट्स नावाच्या ॲमस्टरडॅमच्या बँडचं. नाव वाचलं आणि मला हसूच आलं. हॉलंडमध्ये डोंगर??

शाळेत भूगोलाच्या बाई नकाशे रंगवायला द्यायच्या. मैदान हिरवं, पठार पिवळं, डोंगर तपकिरी. युरोप आला की आल्प्सवर घासून घासून तपकिरी पेन्सिलीचं टोक बोथट व्हायचं, आणि वर कोपऱ्यात हॉलंड म्हणजे नुसता हिरवा ठिपका. माझ्या बाकावरची मैत्रीण तिथेही थोडा तपकिरी मारायची, बरं दिसतं म्हणे. बाईंनी लाल पेनाने भली मोठी फुली मारली, तरी पुढच्या नकाशात हिने परत तेच केलं. हे निट्सवाले तिच्याच जातीचे दिसतात.

कारण त्यांच्याकडचा सगळ्यात उंच डोंगर म्हणजे फाल्सरबर्ग, उंची ३२२ मीटर (कॅरिबियनमधली त्यांची बेटं सोडून बोलतेय). पुणं साधारण ५६० मीटरवर. म्हणजे स्वारगेटला रिक्षाची वाट बघत उभे असाल तरी तुम्ही हॉलंडच्या शिखराच्या बरेच वर आहात, उगाच हॉर्न ऐकून वैतागू नका.

तर हा बँड १९७४ ला सुरू झाला. हेंक हॉफस्टेडे गातो आणि बहुतेक गाणी तोच लिहितो, रॉब क्लूट ड्रमवर, दोघंही पहिल्यापासूनचे. कीबोर्डवाला रॉबर्ट यान स्टिप्स नंतर आला, मग मध्ये सोडून गेला, मग काही वर्षांनी परत आला, आपल्याकडे नाटक कंपन्यांमधून चालतं तसंच. हा स्टिप्स त्याआधी गोल्डन इअररिंग या दुसऱ्या डच बँडमध्येही वाजवून आलेला, ते खरे मोठे नाव, 'रडार लव्ह' गाण्यावाले. निट्सचं तसं नाही. १९८३ चं 'नेसिओ' आणि हे डोंगराचं, हॉलंडबाहेर एवढीच दोन गाणी कुणाला आठवली तर आठवतात. फिनलंडमध्ये मात्र यांचे चाहते भरपूर, इतके की १९९८ च्या अल्बमला यांनी फिनिश भाषेतलं नाव दिलं, 'आलानकोमात', म्हणजे नेदरलँड्स, आपलं हॉलंडच.

डोंगराचा अल्बम यांनी स्वतःच्याच स्टुडिओत केला, डे वेर्फ नाव त्याचं, सगळ्यांनी एकत्र उभं राहून थेट वाजवायचं, नंतर वरून काही चिकटवायचं नाही. चुकलं तर परत पहिल्यापासून. दोन वर्षांनी लाइव्ह अल्बम काढला त्याचं नाव 'उर्क', चक्क तीन रेकॉर्डी. उर्क हे एक बेट होतं, १९३९ ला बांध घालून जमिनीला जोडलं, मग आजूबाजूचा समुद्र उपसून शेती केली. ज्या लोकांना पाणी हटवून गाव वसवायची सवय आहे त्यांना गाण्यात चार डोंगर उभे करणं काय अवघड?

मला 'एका गाण्याचे कलाकार' म्हणणाऱ्या लोकांचा फार राग येतो. तुम्ही एक ऐकलंत हो, त्यांनी वीसच्या वर अल्बम केलेत! कुणी ऐको न ऐको, नोकरीवर जावं तसे स्टुडिओत जात राहिले, १९७४ पासून.

आणि मे २०२२ मध्ये तो डे वेर्फ जळाला. वाद्यं गेली, जपून ठेवलेलं सामान गेलं. हॉफस्टेडे तेव्हा सत्तरीचा. मी ते वाचून म्हटलं, संपलं आता, या वयात कोण नव्याने ड्रम आणि कीबोर्ड जमवत बसतंय. तर २०२४ ला, बँडच्या पन्नासाव्या वर्षी, 'ट्री हाउस फायर' नावाने त्या आगीवरचीच गाणी काढली.

मला नसतं जमलं. माझा जुना मोबाइल पाण्यात पडून फोटो गेले तेव्हापासून मी साधा सूर्यास्त दिसला तरी फोटो काढत नाही.